वाचकांचे प्रश्न : कात्रजचे प्राणिसंग्रहालय पाहताना

प्रश्न : माझी नात सात वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला पुण्यातील कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात नेले. दीड तासात सगळे पाहून झाले. वाघ झोपलेला होता, अस्वल पाठमोरे बसले होते आणि सगळीकडे रेटारेटी होती. परतताना नात म्हणाली, "आजी, टीव्हीवरचा वाघच बरा." आमचे काय चुकले? माझे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणेही होत नाही. (सहकारनगर येथील एक आजी)

उत्तर : आजी, आपले चुकले असेल तर एवढेच, की आपण 'सगळे' पाहायला गेलात. हे उद्यान तलाव धरून सुमारे 130 एकरांवर पसरलेले आहे. दीड तासात तेथे फार तर पाट्या वाचून होतात. पुढच्या वेळी घरातूनच नातीला तीन प्राणी निवडायला सांगावे आणि प्रत्येकापुढे निदान वीस मिनिटे थांबावे. उद्यान बुधवारी बंद असते. रविवार आणि सुट्ट्या टाळून मधल्या एखाद्या वारी, दार उघडताच आत शिरलात, तर ऊन चढायच्या आत प्राणी उठलेले दिसण्याची शक्यता अधिक असते. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, तेव्हा गुडघ्यांसाठी बेत रद्द करू नये.

झोपलेल्या वाघाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही तक्रार मी फार वेळा ऐकतो. वाघ मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे हिंडणारा प्राणी आहे. दुपारी तो ताडोब्याच्या जंगलातही सावली धरून पडलेलाच असतो. तेव्हा त्याचे झोपणे हा त्याचा आळस नव्हे आणि आपले दुर्दैवही नव्हे. उलट, निवांत पडलेला वाघ नीट निरखता येतो. त्याच्या कानाच्या मागच्या बाजूला काळ्यावर एक पांढरा ठिपका असतो, तो नातीला शोधायला सांगा. डोळे मिटलेले असतानाही तो कान आवाजाच्या दिशेला वळवतो, हे तिचे तिला दिसू द्या. मग वही काढून त्याच्या एका डोळ्यावरच्या काळ्या रेघा तिला काढायला सांगा आणि त्याने मान वळवली की दुसऱ्या डोळ्यावरच्या रेघा ताडून पाहायला सांगा. दोन्ही बाजू सारख्या नसतात. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत आणि जंगलातल्या कॅमेऱ्यांत टिपलेले वाघ याच पट्ट्यांवरून ओळखून मोजले जातात. एवढे काम हाती असलेली मुलगी वीस मिनिटांत कंटाळणार नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्राणी म्हणून मी हरणे सुचवीन, कारण त्यांच्यापुढे गर्दी नसते. आपण मराठीत चितळाच्या डोक्यावर असतात त्यांनाही शिंगेच म्हणतो आणि काळविटाच्या डोक्यावर असतात त्यांनाही, त्यामुळे या दोहोंतला मोठा फरक मुलांच्या लक्षात येत नाही. चितळ आणि सांबर यांची शिंगे भरीव हाडाची असतात. ती गळून पडतात आणि पुन्हा नवी फुटतात. काळविटाचे पिळदार शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढलेले, आपल्या नखांच्या जातीचे कवच असते आणि ते जन्मभर टिकते. मी एकदा एका चितळापुढे बराच वेळ उभा होतो. त्याच्या नव्या शिंगांवरची मखमली कातडी सुटून चिंधीसारखी डोळ्यावर लोंबत होती. तो एका बुंध्यावर शिंगे घासत होता आणि खालचे उघडे पडलेले हाड रक्ताने लालसर झाले होते. शेजारचा मुलगा घाबरून "त्याला लागलंय" असे आईला सांगत होता. वास्तविक शिंगाची वाढ पुरी झाली की त्यावरच्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो, ती सुकते आणि नर ती घासून काढतो. घाईत असतो, तर मीही तो प्राणी जखमी आहे अशीच समजूत करून घरी गेलो असतो.

तिसरा प्राणी अस्वल. ते खायला लागले की बोलणे थांबवून नुसते ऐका. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी श्वासासरशी ओढून घेते आणि तो फुरफुर आवाज चांगला लांबवर ऐकू येतो.

प्रश्न : माझे बालपण पेशवे पार्कात गेले. तेथे वाघ दोन हातांवर दिसत असे. कात्रजला तो खंदकापलीकडे कुठेतरी असतो. शिवाय नुकतेच एका प्राणिसंग्रहालयात मी एक बिबट्या कुंपणालगत सारख्या येरझाऱ्या घालताना पाहिला आणि मन खिन्न झाले. प्राण्यांना असे ठेवणे योग्य आहे का? (सदाशिव पेठेतील एक वाचक)

उत्तर : पेशवे पार्क 1953 साली महापालिकेने सुरू केले आणि 1956 साली तेथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. त्याआधीही पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, म्हणजे पुणेकरांचा प्राणी पाहण्याचा शौक पेशवाईपासूनचा आहे. आपल्या पिढीला त्या पार्काचा जिव्हाळा वाटतो, तो मलाही वाटतो. परंतु वाघ आपल्याला दोन हातांवर दिसत होता, याचाच अर्थ त्यालाही दिवसभर माणसे दोन हातांवर सोसावी लागत होती आणि मागे सरायला जागा नव्हती. 1999 साली कात्रजचे उद्यान खुले झाले आणि पुढच्या काही वर्षांत पेशवे पार्कातील उरलेले प्राणी तेथे हलवले गेले. खंदक, झाडोरा, लपायला आडोसा आणि मागचा रात्रनिवारा यांमुळे प्राणी आपल्याला कमी दिसतो हे खरे. पण दिसायचे की नाही हे थोडेतरी त्याच्या हाती राहते आणि ते मला आपल्या सोयीहून महत्त्वाचे वाटते.

येरझाऱ्यांचा प्रश्न अवघड आहे आणि त्याची गुळमुळीत बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. बंद होण्याच्या वेळी रात्रनिवाऱ्याच्या दाराशी घातलेल्या फेऱ्या बहुधा जेवणाच्या प्रतीक्षेतल्या असतात. परंतु तोच प्राणी भर सकाळीही त्याच वाटेने, त्याच जागी पाऊल टाकून, त्याच कोपऱ्यात तशीच मान फिरवून वळत असेल, तर ते बंदिवासातील ताणाचे लक्षण मानले जाते. जंगलात मोठा टापू तुडवणाऱ्या मांसाहारी प्राण्यांत हा दोष अधिक आढळतो, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते. खाणे दडवून ठेवणे, नवे वास, ओंडके आणि उंच माच यांनी तो कमी होऊ शकतो, मात्र नेहमीच पूर्ण जात नाही. आपण तो बिबट्या किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या कोपऱ्यात फिरताना पाहिला, हे त्या उद्यानाच्या संचालकांना पत्राने जरूर कळवावे. हळहळीपेक्षा अशा नोंदीचा त्या प्राण्याला अधिक उपयोग होईल.

योग्य-अयोग्याचा एकच निवाडा सगळ्या प्राण्यांना लावता येईल, असे मला वाटत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांतील उसात वाढणारे बिबटे विहिरीत पडतात, जखमी होतात, पिल्ले आईपासून तुटतात. माणिकडोहचे निवारा केंद्र अशाच बिबट्यांसाठी आहे. माणसांच्या हातावर वाढलेले पिल्लू पुढे रानात सोडले, तर ते बिबट्या आणि गावकरी या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. अशांना आसरा लागतोच. केवळ गर्दी खेचण्यासाठी प्राणी आणणे किंवा वाढवणे मात्र मला मान्य नाही, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात येतेच आहे.

प्रश्न : पांढरा वाघ ही नामशेष होत चाललेली वेगळी जात आहे का? मुलांना सर्वांत जास्त तोच आवडतो. (कोथरूड येथील एक पालक)

उत्तर : नाही. तो आपला नेहमीचाच वाघ आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही एक विशिष्ट जनुकीय बदल आला, तर अंगावर पिवळा रंग येतच नाही, पट्टे तेवढे राहतात आणि डोळे निळे होतात. 1951 साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. आज बंदिवासात असलेले पांढरे वाघ जवळजवळ सारे त्याच्याच वंशातले आहेत. हा रंग टिकवण्यासाठी बाप आणि मुलगी यांच्यासारख्या जवळच्या नात्यांत संकर करण्यात आले. त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या व्यंगे आली आणि तिरळेपणा तर पांढऱ्या रंगाबरोबरच येताना दिसतो. मुलांना तो आवडण्यात काहीच गैर नाही, तो देखणा असतोच. त्यांना हा इतिहासही सांगावा. सात-आठ वर्षांच्या मुलांना तो समजतो.

प्रश्न : कात्रजच्या सर्पोद्यानात साप हलत नाहीत, म्हणून मुले काच वाजवतात. सापाला कान नसतात, मग त्याला त्रास कसला? (धनकवडी येथील एक शिक्षिका)

उत्तर : बाईंनी हे विचारले ते फार बरे केले. सापाला बाहेरचे कान नसतात, मात्र आतला कान असतो. तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो, त्यामुळे टेकलेल्या पृष्ठभागातून आलेला हादरा त्याला थेट पोचतो. कात टाकण्यापूर्वी तर सापाचा डोळा दुधाळ निळसर होतो आणि त्याला नीट दिसेनासे होते. अशा वेळी काचेवरची प्रत्येक थाप त्याच्यासाठी न दिसणारा धोका असते. मुलांना डोळ्याचा तो रंग आधी दाखवा. एकदा तो पाहिल्यावर हात आपोआप मागे येतो. प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही वर्गात सांगायला हरकत नाही.

सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने 1986 साली हे सर्पोद्यान उभे राहिले, ते लोकांना साप ओळखता यावेत म्हणून. आपल्या सहलीत मुलांकडून पाठीवर साखळीसारखे ठिपके असलेली घोणस, काळ्या अंगावर पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या जोड्या असलेली मण्यार आणि बिनविषारी धामण यांची चित्रे वहीत शेजारीशेजारी काढून घ्यावीत. धामण उंदीर खाते आणि तरीही नाग समजून मारली जाते. शाळेच्या आवारात साप निघाला, तर त्याला कोणीही हात न लावता लांबून नजर ठेवावी आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.