गिटार कुठे गेली?

प्रिय मित्रा,

गिटार सोडून दिलेल्या बँडच्या नव्या अल्बमचं तुझं परीक्षण दोनदा वाचलं. भाषा छान आहे. पण ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे तू पाच वेळा लिहिलंस, आणि नवं काय ऐकलंस ते एकदाही नाही.

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा ‘किड ए’ हा अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये आला, तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. त्यांच्या आधीच्या, गिटारनं भरलेल्या ‘ओके कॉम्प्युटर’ची माझी कॅसेट ऐकून ऐकून झिजली होती. नवी लावली, तर पहिल्या गाण्यात नुसता कीबोर्ड. दुसऱ्या गाण्यात गायक थॉम यॉर्कचा आवाज इतका चिरडलेला की मला वाटलं, प्लेअरचं हेड खराब झालं. कापसाला स्पिरिट लावून ते पुसलं, टेप मागे घेतली. तोच आवाज! तो मुद्दाम तसा केला होता. त्या आवाजाचे सूर ओंद मार्तनो या १९२८ सालच्या फ्रेंच विद्युतवाद्यावरून येत होते. हे मला फार उशिरा कळलं. पण शब्द समजत नाहीत आणि तरी गळ्यात काहीतरी दाटतं, एवढं त्या रात्रीच कळलं होतं. एवढंच लिहिलं असतं तरी ते खरं परीक्षण झालं असतं.

‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकानं त्या अल्बमला पाचपैकी दीड गुण दिले, ‘पिचफोर्क’ या संगीताच्या वेबसाइटनं दहापैकी दहा. पुढे ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकानं त्याला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. म्हणून दीड गुण देणारा मूर्ख ठरतो, असं मी मानत नाही. त्यातला गारठा, तुटलेपण त्याला ऐकू आलं असेलच. त्यानं तो दोष मानला. खुद्द बँडमध्ये तीन गिटारवादक, आणि त्यांतल्या एड ओब्रायनला छोटी, गिटारची गाणी हवी होती. आपण आता वाजवायचं काय, हा प्रश्न त्यालाही पडला होता. तेव्हा तुझी हळहळ खोटी नाही, ती राहू दे. फक्त ती सगळ्या लेखावर पसरवू नकोस.

आता एक कर. गुण खोडून टाक. तू परीक्षण केलेल्या अल्बममधलं तिसरं गाणं हेडफोन लावून ऐक, आणि ‘प्रयोग’ हा शब्द न वापरता त्यात कोणतं वाद्य कधी येतं, कधी थांबतं, तेवढा एक परिच्छेद लिही. गुरुवारपर्यंत पाठव, मीही तोवर तेच गाणं ऐकून ठेवतो.

तुझा,
दादा