पहिल्या वाढदिवसाची तयारी करणाऱ्या आईस

वाढदिवसाची यादी करताना मध्येच रडू येते, याचा अर्थ लेकीचा आनंद कमी आहे असा होत नाही. गर्भपात आणि मूल होण्यासाठीच्या उपचारांची वर्षे सोसलेल्या अनेक आयांना या दिवशी दोन्ही भावना एकदमच येतात, म्हणून गेलेल्या बाळासाठी सकाळी, पाहुणे येण्यापूर्वी, नवऱ्यासोबत थोडा वेळ राखून ठेवा. देवापाशी दिवा लावणेही पुरे.

सुरुवातीची नेहमीची चूक म्हणजे इतक्या वर्षांची भरपाई एकाच संध्याकाळी करू पाहणे. मोठा हॉल, दीडशे पाने आणि कर्कश संगीत यांत वर्षाचे मूल घाबरून रडते. सकाळी पुण्याच्या सारसबागेतील तळ्यातल्या गणपतीचे दर्शन, दुपारची झोप झाल्यावर घरी औक्षण आणि मोजकी माणसे, एवढे भरपूर आहे. (नवस फेडायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी फेडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.)

आणखी काही गोष्टी:

- फुटलेल्या फुग्यांचे तुकडे, अख्खे शेंगदाणे आणि पॉपकॉर्न लेकीच्या हाती लागू देऊ नका. ते घशात अडकतात.
- जिचे उपचार अजून चालू आहेत, अशा मैत्रिणीला स्वतंत्र निरोप पाठवा आणि न येण्याची मोकळीक त्यातच द्या.
- ‘आता दुसरे कधी?’ या प्रश्नाचे उत्तर कोण देणार, हे आधीच ठरवा; ते काम सासूबाईंनी केले तर उत्तम.

उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांशी बोला किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येते.