दोन लाख किलोमीटर झालेली डिझेल स्विफ्ट घ्यावी का?
मित्रा, नुसत्या आकड्याला घाबरू नकोस. हे १.३ लिटरचं डीडीआयएस (मारुतीचं डिझेल) इंजिन मूळ फियाटचं. ऑइल वेळेवर बदललं असेल तर अजून बरंच चालेल. म्हणून आधी सर्व्हिस रेकॉर्ड माग.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघ. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. स्टार्ट करताना टायमिंग चेनचा (इंजिनमधल्या साखळीचा) खडखडाट येतो का ऐक. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघड. आतून जोरात धूर फेकला जात असेल आणि सायलेन्सरमधूनही निळा धूर येत असेल, तर माझ्या मते ती गाडी सोडून दे. क्लच, सस्पेन्शनचं काम निघालं तर भाव पाडून घे. टर्बो, इंजेक्टरच्या खर्चाचा अंदाज मात्र मेकॅनिककडून आधीच घे.

आणि आरसी बघ. १५ वर्षं होत आली असतील तर रीपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) आणि ग्रीन टॅक्सचा (जुन्या गाडीवरच्या पर्यावरण कराचा) खर्च तुझ्याच माथी येईल.