फोंड्याच्या पिनकोडपासून सुरुवात कर

संख्येचे मूळ अवयव पाडण्यात नवा आहेस म्हणून सांगतो, एकदम बारा अंकी संख्येला हात घालू नकोस. आपल्या फोंड्याचा पिनकोडच घे: 403401. अंकांची बेरीज 12, म्हणजे 3 ने भाग जातो, भागाकार 134467. याची बेरीज 25, तेव्हा 3 चा विषय संपला.

7, 11, 13 साठी तीन वेगळे भागाकार कशाला? 7×11×13 = 1001, आणि 1000 त्याहून फक्त एकाने कमी, म्हणून एक वजाबाकी पुरते. शेवटच्या तीन अंकांतून आधीचे तीन वजा कर: 467 − 134 = 333. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, म्हणून 134467 लाही नाही. मला ही युक्ती फार उशिरा कळली, तोवर नुसत्या वह्या भरल्या.

पुढे 17 पासून एकेक मूळ संख्या. कंटाळवाणं आहे, इलाज नाही. पणजीच्या बसमध्ये बसून कर, वेळ तरी जाईल. 47 ने भाग जातो: 2861.

134467 चं वर्गमूळ 366 च्या जरासं पुढे, म्हणून आधी 366 पर्यंत जावं लागणार होतं. आता 2861 चं वर्गमूळ 53 च्या जरासं पुढे, आणि 47 च्या खालचं सगळं तपासून झालंय. उरले 47 आणि 53. हो, 47 परत बघायचा, नवशिके तिथेच फसतात. दोन्हींनी भाग जात नाही, म्हणजे 2861 मूळ. तेव्हा 403401 = 3×47×2861, आणि त्याचे एकूण विभाजक आठ.