सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड आलंय, आता पुढे कोणत्या तपासण्या कराव्यात?

तुमचं वय 46, काही महिन्यांपासून पाळीत अंगावरून खूप जातंय, रिपोर्टमध्ये अस्तर 14 मिमी आणि एक लहान गाठ. एक डॉक्टर बायॉप्सी सुचवतात, दुसरे थेट पिशवी काढायला सांगतात. मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर आहे, असे रिपोर्ट रोज लिहिते, म्हणून आधी त्या 14 मिमीबद्दल.

पाळी चालू असताना अस्तर महिनाभर बदलत असतं. पाळी संपल्या संपल्या पातळ, आणि पुढची पाळी जवळ आली की 14 मिमीही भरतं; त्यात वावगं काही नाही. तुमची सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला घाबरू नका. पाळी कायमची गेल्यावर मात्र हिशेब वेगळा. तेव्हा रक्ताचा एक डाग दिसला तरी तपासणी करायचीच, आणि अस्तर 4 मिमीच्या वर असेल तर सहसा बायॉप्सी करतात.

सोनोग्राफी पोटावरून झाली असेल, तर पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत योनीमार्गातून करून घ्या. लघवी रोखून बसावं लागत नाही आणि अस्तर कितीतरी स्पष्ट दिसतं. (शरीरसंबंध आलेला नसेल तर ही पद्धत वापरत नाहीत.) गाठीच्या आकारापेक्षा तिची जागा महत्त्वाची असते. पोकळीत डोकावणारी छोटी गाठही भरपूर रक्तस्राव करते, बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कित्येकदा काहीच त्रास देत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये जागा लिहिलेली नसेल तर हक्काने विचारा.

आता मुख्य प्रश्न. मी बायॉप्सी सांगणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूची आहे. माझ्या मशीनला जाडी दिसते, पेशी दिसत नाहीत, आणि पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव होत असेल तर पेशी बघायलाच हव्यात. बहुतेक वेळा हे ओपीडीतच होतं. पेनच्या रिफिलसारखी बारीक, लवचीक नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात, तिच्यातला दांडा मागे ओढला की अस्तराचे कण नळीत येतात. तेवढा वेळ पाळीसारखी, कधी चांगलीच जोराची कळ येते. आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का ते विचारा. दुखण्याची फार धास्ती असेल तर भूल देऊनही करता येते, आणि तसं सांगायला मुळीच संकोचू नका.

ही नळी सगळ्या अस्तरावरून फिरतेच असं नाही, त्यामुळे एखादा पॉलिप, म्हणजे अस्तरातून वाढलेला मऊ कोंब, निसटू शकतो. म्हणून बायॉप्सी नॉर्मल येऊनही रक्तस्राव थांबला नाही, तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून प्रत्यक्ष पाहणं. पॉलिप सापडला तर बरेचदा त्याच वेळी काढतात. त्याआधी पिशवीत सलाइन (मिठाचं पाणी) भरून सोनोग्राफी करता येते: एकमेकींना चिकटलेल्या भिंती पाण्याने दूर होतात आणि मधे लोंबणारा पॉलिप लख्ख दिसतो.

एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. गाठी बऱ्याच असतील, अ‍ॅडेनोमायोसिसचा (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरण्याचा) संशय असेल किंवा ऑपरेशन आखायचं असेल तेव्हा तो उपयोगी. पॅप स्मिअर पिशवीच्या तोंडासाठी आहे. तो नॉर्मल आला म्हणून अस्तर नॉर्मल ठरत नाही. सीए-125 (कॅन्सरच्या शंकेने रक्तात तपासतात तो घटक) नुसत्या गाठींनी किंवा पाळीच्या दिवसांतही वाढतं, त्यावरून निदान करू नये. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड मात्र आत्ताच तपासा. बायॉप्सीआधी गरोदरपणाची चाचणीही होईल, 46 व्या वर्षीसुद्धा.

पिशवी काढायची वेळ आलीच, तरी बायॉप्सी आधी हवी. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर ऑपरेशनची आखणीच बदलते. साधा पॉलिप निघाला तर त्या ऑपरेशनची गरजही कदाचित उरणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांना हेच विचारा: बायॉप्सीशिवाय हा निर्णय कशावरून घेतला?

यादरम्यान तासाला एक पॅड पूर्ण भिजू लागलं, चक्कर आली किंवा धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.