गाई-म्हशींचा डॉक्टर होण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

नीटच्या गुणांवर पशुवैद्यक पदवीला प्रवेश मिळतो आहे, शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना थाटण्याऐवजी खेड्यात गाई-म्हशींचे काम करावेसे वाटते, तर नोकरी आणि कामाची परिस्थिती कशी असते, असे तुम्ही विचारले आहे. मी सतरा वर्षे दुधाच्या पट्ट्यात हेच काम करीत असल्याने अनुभवावरून लिहितो.

नोकरीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एका वर्षाची आंतरवासिता झाली की नोंदणी करून स्वतंत्र व्यवसाय करता येतो, दूध संघात किंवा औषध कंपनीत जाता येते किंवा लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. हे गट-अ चे पद असून त्याची वेतनश्रेणी ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. २०२५ मध्ये आयोगाने या पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. मात्र एवढी मोठी भरती दरवर्षी निघत नाही, हे गृहीत धरूनच बेत आखावा. शिवाय सरकारी दवाखान्यात उपचारांइतकाच वेळ लसीकरण, कानातील बिल्ल्यांच्या नोंदी आणि अहवाल यांत जातो.

खरी कसोटी गोठ्यात लागते. व्यालेली गाय दुग्धज्वराने (रक्तातले कॅल्शियम घटून होणाऱ्या आजाराने) मान टाकून पडलेली असते, शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडले की तासाभरात ती उठून उभी राहते आणि घरातली म्हातारी तुमच्यासाठी चहा टाकते. या कामातले सगळ्यात सुखाचे क्षण हेच. (हेच कॅल्शियम घाईने सोडले तर हृदय बंद पडू शकते, म्हणून मालकाने कितीही घाई केली तरी बाटली खालीच धरावी.) परंतु रात्री दोन वाजता वासरू आडवे आलेले असते, अंगणात जनावर अडकवायचा खोडा नसतो, उजेड मोबाइलचा असतो आणि आदल्या दिवसापासून कोणीतरी ओढाताण करून पाहिलेली असते. अशा वेळी गाय वाचली नाही, तर दोष शेवटी आलेल्याच्या माथी येतो.

त्याहून अवघड भाग पैशाचा आहे. माणसाच्या डॉक्टरला रुग्णाची बाजारातील किंमत विचारावी लागत नाही; आम्हाला ती मनात धरूनच उपचार ठरवावा लागतो, कारण आटलेल्या गाईच्या शस्त्रक्रियेला तिच्या किमतीहून अधिक खर्च येणार असेल, तर मालकाला ते सुईला हात लावण्यापूर्वी सांगणे हाच प्रामाणिकपणा ठरतो. उधारीही पुष्कळ राहते, आणि ती दुधाच्या पगाराशी बांधलेली असल्याने दर पडला की आमचीही वसुली पडते. कासदाहावर (कासेच्या सुजेवर) प्रतिजैविक दिल्यावर ठरलेले दिवस दूध डेअरीला घालू नका, हे सांगताना समोरच्याचा चेहरा पाहवत नाही, तरी सांगावेच लागते.

शरीराची किंमत कोणी आधी सांगत नाही. वार (झार) अडकलेल्या किंवा गाभडलेल्या जनावरात उघडा हात घालू नये, कारण ब्रुसेलोसिस हा जनावरे गाभडवणारा जंतुरोग माणसालाही होतो आणि ताप व सांधेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाहीत. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देण्याची त्याची लसही जिवंत जंतूंची असल्याने सुई स्वतःला टोचली तरी धोका असतो. रेबीजची प्रतिबंधक लस पहिल्याच वर्षी घ्यावी. माझा डावा खांदा गुदमार्गे हात घालून गर्भतपासण्या करून आता सकाळी वर उचलत नाही. तुम्ही सुरुवातीपासूनच आलटून-पालटून दोन्ही हातांनी तपासायची सवय लावून घ्यावी.