वेसचा रिपोर्ट हातात, तरी फार्मसिस्टची नोकरी नाही

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची नाशिकची, बी.फार्म., तिकडे मेडिकल स्टोअर सांभाळायचे. मिस्टरांच्या पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला आलो. वेस म्हणजे परदेशी डिग्र्या तपासून देणारी संस्था, तिच्या रिपोर्टमध्ये माझी डिग्री कॅनडातल्या बॅचलर्सच्या बरोबरीची असं लिहिलंय, तरी फार्मसिस्ट म्हणून कुणी दारात उभं करत नाही. मिस्टरांचे मित्र म्हणतात एखादा डिप्लोमा करून टाक. करू का?

उत्तर : अहो थांबा, आधी फी भरू नका. तो रिपोर्ट पीआरचे पॉइंट मिळवायला होता, ते काम झालं. फार्मसिस्टचं काम लायसन्सवर चालतं आणि लायसन्स प्रत्येक प्रांत आपलं आपलं देतो, तुमच्याकडे ऑन्टारियो कॉलेज ऑफ फार्मसिस्ट्स. (नावात कॉलेज आहे म्हणून ॲडमिशन शोधायला जाऊ नका, ती नियम लावणारी संस्था आहे.)

सुरुवात पीईबीसीपासून, म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा. आधी कागदपत्रांची तपासणी, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंगचे दोन भाग, एक एमसीक्यूचा आणि दुसरा ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. आपल्याकडची हुशार मुलं एमसीक्यू काढतात आणि ऑस्कीत अडकतात, कारण तिथे समोर पेशंट बनून एक माणूस बसलेला असतो आणि मोजक्या मिनिटांत तुम्ही त्याला विचारायचं असतं की ॲलर्जी आहे का, अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि मग समजेल अशा भाषेत डोस सांगायचा. चिठ्ठी बघून पाकीट काढून देण्याची सवय असेल तर तोंडच उघडत नाही हो. पुढे ऑन्टारियोची कायद्याची परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचं मूल्यमापन राहतंच.

युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट आणि फार्मसी काउन्सिलचे कागद यांच्या मागे नाशिकच्या कुणाला तरी आजच लावा, खरा वेळ तिथेच जातो.

तोवर फार्मसी असिस्टंटचं काम बघा, त्याला लायसन्स लागत नाही. टेक्निशियनला मात्र लागतं, दोन्हीत गल्लत नको. पगार बेताचाच, पण काउंटरवर रोज पेशंटशी बोलणं कानावर पडतं. अभ्यासाला सोबत हवी असेल तर टोरोंटो युनिव्हर्सिटीचा परदेशी फार्मसिस्टसाठीचा ब्रिजिंग कोर्स आहे, पैसे घालायचेच तर तिथे घाला.

आणि मिस्टरांचे मित्र बहुतेक आयटीतले असणार, त्यांच्या कामाला लायसन्सच लागत नाही, ते सांगणारच की डिप्लोमा कर.